हार तुझा, पण चावी माझी

मामा, आपलं भांडण अर्धवट टाकून तू गेलास, हे काही बरं केलं नाहीस. अठरा वर्षं चाललेलं भांडण होतं ते. दर दसऱ्याला मी विषय काढायची, तू चहाची बशी खाली ठेवायचास आणि ठरलेलं वाक्य म्हणायचास, "हार तुझा होता, पन चावी माझी होती." आतून मामी ओरडायची, "झालं का तुमचं सुरू?" मग आपण दोघं गप्प बसायचो, पण मिटायचं काहीच नाही. या दसऱ्याला मी नवीन मुद्दा घेऊन येणार होते.

तुला जाऊन आज सोळा दिवस झाले. गोरेगावला, तुझ्याच ओसरीवर बसून हे लिहितेय. उद्या मला हैदराबादला परत जायचंय आणि परवा सकाळी विमान उडवायचंय. त्याआधी तुझ्याशी बोलून घ्यायला हवं. या सोळा दिवसांत जो भेटायला आला त्यानं मला एकच विचारलं, "शेवटची भेट झाली का गं?" मी प्रत्येकाला नाही म्हणाले. का झाली नाही, ते मी कुणाला सांगत बसले नाही. ते तुलाच नीट कळेल.

आईची नर्सची नोकरी, सारखी बदली. म्हणून पाचवीला मला तुझ्याकडे आणून सोडलं आणि दहावीपर्यंत मी तुझ्याच घरात वाढले. तुला अरेतुरे करते म्हणून आई आली की मला रागवायची. तू म्हणायचास, "म्हनू दे. जीपला काय अहोजाहो करतो का आपन?" माझी आणि जीपची गणती तू एकाच घरात केलीस, याचा मला तेव्हा फार अभिमान वाटायचा.

गोरेगाव, सेनगाव, हिंगोली, हा तुझा रस्ता. दिवसभराच्या फेऱ्या संपल्या की तू जीप अंगणात लावायचास आणि इंजिनाखाली जुना पेपर अंथरून त्याच्या चारी कोपऱ्यांवर दगड ठेवायचास. सकाळी तो ओढून काढायचास आणि पायरीवर बसून वाचायचास. गावातले बाकीचे लोक हॉटेलात बसून पेपर वाचायचे, तू इंजिनाखालचा वाचायचास. काळा ठिपका असला तर इंजिनाचं तेल, नुसता ओला डाग असला तर पाणी. काहीच नसलं की त्याची घडी घालून म्हणायचास, "आज काय बातमी न्हाई." मग मला पुढच्या सीटवर बसवायचास आणि चावी अर्धीच फिरवायचास. डॅशबोर्डवर तेलाच्या डब्याचं चित्र असलेला एक लाल दिवा होता.

"दिवा लागला?"

"लागला."

मग तू जीप चालू करायचास. "विझला?"

"विझला."

"मंग चाल."

एकदा दिवा लागलाच नाही. मला वाटलं, चांगलं झालं, म्हणजे काही बिघाडच नाही. तू खाली उतरलास, पहिली फेरी सोडून दिलीस आणि बल्ब आणायला गेलास. परत आल्यावर मला म्हणालास, "जो लागतच न्हाई, तो सांगनार कसा?" पुढे सरकारी शिष्यवृत्तीवर मी विमान शिकायला गेले तेव्हा तिथल्या सरांनी हीच गोष्ट अर्धा तास फळ्यावर आकृत्या काढून समजावली. उड्डाणाआधी सगळे इशाऱ्याचे दिवे मुद्दाम लावून बघायचे, कारण न लागणारा दिवा सगळ्यात धोक्याचा. मला हसू आलं. सर म्हणाले, काय झालं? मी म्हणाले, हे मला सहावीत शिकवून झालंय सर. वर्गाला तो उद्धटपणा वाटला. पण मी खरंच सांगत होते.

आता दसऱ्याचं. मी तेव्हा सातवीत होते. सकाळी आपण जीप धुतली, हळदकुंकू लावलं, चाकांखाली लिंबं ठेवली. बोनेटवरचा हार तू घातलास. उरलेल्या झेंडूचा मी एक हार ओवला होता, सुई बोटांत टोचून घेत, आणि एवढ्या कष्टाचा हार कुठंतरी लागलाच पाहिजे म्हणून मी तो आत डॅशबोर्डवर या टोकापासून त्या टोकापर्यंत बांधला. तुला तो फार आवडला. "आता कशी नवरीवानी दिसून राह्यली," म्हणालास. त्या गडबडीत तू मला दिव्याचं विचारलंच नाहीस. वर्षभरातला तेवढा एकच दिवस.

हिंगोलीचा दसरा पाहायला निघालेली माणसं जीपमध्ये खच्चून बसली होती. सेनगावच्या पुढे तेलाचा पाइप फुटला. लेकरं पिपाण्या वाजवत होती. त्या गोंधळात इंजिनाचा आवाज बदललाय हे तुझ्या कानाला कळलं तोवर उशीर झाला होता. दोन गचके बसले आणि जीप रस्त्याच्या कडेला थांबली ती थांबलीच. तू बोनेट उघडून पाहिलंस. मग आत आलास आणि झेंडूचा हार वर उचललास. त्याच्या मागे लाल दिवा लागलेला होता.

इंजिन जाम झालं होतं. तू माणसांना दुसऱ्या जीपमध्ये बसवून दिलंस. एकानं विचारलं, "काहून झालं रे असं?" तू म्हणालास, "माझं ध्यान नव्हतं." मी तुझ्याशेजारीच उभी होते. हाराचं नाव तू तिथं काढलं नाहीस, मिस्त्रीपाशी नाही, घरीही नाही. दोन महिने जीप मिस्त्रीकडे पडून होती आणि तू दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून जात होतास. ज्या माणसानं दुसऱ्याच्या हाताखाली कधी स्टिअरिंग धरलं नव्हतं, तो सकाळी डबा घेऊन निघायचा. शेवटी मलाच राहवलं नाही. जेवताना मी रडत रडत सगळ्यांसमोर सांगितलं की हार मी बांधला होता. तेव्हा तू पहिल्यांदा ते वाक्य म्हणालास. आणि पुढे म्हणालास, "चावी फिरवनाऱ्यानं समोरचं समदं बाजूला सारून पाह्याचं असते. जेव आता."

मला ते कधीच पटलं नाही. चूक माझीही होती आणि तू ती सगळी एकट्यानं उचलून नेलीस, याचा मला राग होता. अजून आहे.

त्यानंतर तू जरा अतीच करायला लागलास, असं लोक म्हणायचे. एकदा स्टँडवरून जीप भरून निघाली आणि शंभर पावलांवर दिवा लुकलुकला. तू सगळ्यांना खाली उतरवलंस. एक म्हातारबा वैतागले, "आरं तुला तकलीफ काय हाय? गाडी तर चालून राह्यली." तू जीपखाली शिरलास आणि अर्ध्या तासानं धुळीनं माखून बाहेर आलास. तेल बराबर होतं, दिव्याची वायर घासली होती, एवढंच. लोक हसायला लागले. तू सगळ्यांना हॉटेलात नेऊन चहा पाजलास. त्या म्हातारबांच्या हातात कप देत म्हणालास, "दिवा खोटा निघाला तर चहा पाजता येते, बाबा. खरा निघाला असता तर काय पाजलं असतं?" दुसऱ्या दिवशी ते तुझ्याच जीपची वाट पाहत उभे होते.

तुझा पहिला विमानप्रवास आठवतो का? नांदेडहून हैदराबाद, मीच सहवैमानिक. मामीनं नवं पातळ नेसलं होतं, तू इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होतास. विमानाच्या शिडीपाशी आल्यावर तू अचानक रांग सोडलीस आणि पंखाखाली वाकून जमिनीकडे बघायला लागलास. सुरक्षावाला धावत आला. "काका, उधर नहीं जाना." तू त्याला शांतपणे म्हणालास, "पेपर अंथरत न्हाईत का तुमी?" तेवढ्यात तुला मी दिसले. जाकीट घातलेली, हातात टॉर्च, इंजिनापाशी वाकून आत बघत होते. प्रत्येक उड्डाणाआधी विमानाभोवती अशी फेरी मारावी लागते, ते तुला माहीत नव्हतं. तू तसाच मागे वळलास आणि शिडी चढलास. नंतर गावभर सांगत सुटलास, "माझी भाची खाली वाकली, तवाच म्या वर बसलो." विमानातून ढग दिसले, हैदराबाद दिसलं, त्यातलं तू कुणाला काही सांगितलं नाहीस.

आता त्या दिवसाचं सांगते. तू हिंगोलीच्या दवाखान्यात होतास. आदल्या दुपारी फोनवर तुझा आवाज फार दमलेला होता. "कवा येऊन राह्यली?" मी म्हणाले, "उद्या सकाळी. नांदेडचं विमान मीच घेऊन येतेय." "ये मंग. वाट पाहून राह्यलो." डॉक्टरांनी दोन-चार दिवस सांगितले होते. विमान परत न्यायला दुसरा सहवैमानिक आमच्याबरोबरच मागे बसून येणार होता. मला नांदेडला उतरून थेट तुझ्याकडे जायची परवानगी मिळाली होती. सगळं जुळून आलं होतं.

सकाळी कॅप्टनसाहेब खाली कागद बघत होते. कॉकपिटमध्ये मी एकटी. दिवे लावून बघितले, सगळे लागले. पडद्यावर दोन्ही इंजिनांचे आकडे हिरवे होते. मग डाव्या इंजिनाच्या तेलाचा आकडा घसरला आणि पिवळा झाला. मी पुढे वाकून नीट बघेपर्यंत तो परत हिरवा झाला होता. दोन-तीन सेकंद असतील.

मामा, तुझ्याशी खोटं बोलून जमायचं नाही, म्हणून जसं झालं तसं सांगते. पहिला विचार आला, हे कुणी पाहिलेलं नाही. दुसरा आला, सेन्सर असेल. तिसरा, मामा वाट बघतोय. मी पडद्याकडे एकटक बघत बसले आणि तो हिरवाच राहिला. मला तुझा इतका राग आला. एवढ्या मोठ्या जगात ज्या माणसानं मला दिव्याशी खोटं बोलायचं नाही हे शिकवलं, नेमका त्याच माणसाकडे जायची मला घाई असावी. मी खिडकीतून हात करून कॅप्टनसाहेबांना वर बोलावलं.

इंजिनिअर आला. त्यानं यंत्रणा बंद करून पुन्हा चालू केली, दोनदा. सगळं हिरवं. "मॅडम, नॉर्मल आहे. सही करून टाकू का?" कॅप्टनसाहेबांनी मला विचारलं, "एकदाच झालं?"

"एकदाच, सर. पण झालं."

"तुला मामांकडे पोचायचंय ना आज?"

"हो."

त्यांनी हातातले कागद खाली ठेवले. मग इंजिनिअरला म्हणाले, "उघडा इंजिन."

तीन तास गेले. मी सुधाकरला फोन करून कळवलं की तेलाचा इशारा आलाय, उशीर होईल. तुझ्या त्या मुलाला पुढे काही समजवायची गरज पडली नाही. "बरं ताई," म्हणाला. विमानात माणसं कावली होती. फेटा बांधलेले एक गृहस्थ दारापाशी येऊन म्हणाले, "बाई, काहून उशीर होऊन राह्यला? नांदेडला पुतणीचं लगीन हाय." मी हात जोडले. त्यांना म्हणावंसं वाटलं की मलाही पोचायचंय, काका. पण ते सांगून काय करणार होते?

शेवटी इंजिनिअर टॉर्च हातात घेऊनच वर आला. तेल पुरेपूर होतं. कुठंही गळती नव्हती. सेन्सरच्या प्लगची एक पिन सैल झाली होती, तेवढीच. दिवा खोटा निघाला, मामा. इंजिनिअरनं मला कागदी कपात चहा आणून दिला. तो तसाच ठेवून मी सीटवर जाऊन बसले.

नांदेडला उतरले तशी गाडीत बसले. कळमनुरीच्या अलीकडे सुधाकरचा फोन आला. तो म्हणाला, "ताई, आता सावकाश ये."

गेले सोळा दिवस मी एकच हिशेब करतेय. ती पिन सैल नसती तर. मी त्या तीन सेकंदांत दुसरीकडे बघत असते तर. विमान तर ठणठणीत होतं, ते आलंच असतं नांदेडला. तुझ्याजवळ बसायला मला दीड-दोन तास तरी मिळाले असते. तुझा हात हातात घेतला असता, हाराचा विषय काढून तुला चिडवलं असतं. बरोबर केलं हे डोक्याला कळतं, पण मन मानत नाही. आणि बरोबर केलं की नाही, हे मला ज्याच्या तोंडून ऐकायचं होतं तो एकटाच माणूस गेला.

मामी माझ्याशी नीट बोलत नव्हती. मला वाटलं, उशिरा आले म्हणून रागावली असेल. परवा दुपारी तूर निवडत बसली होती, मी शेजारी जाऊन बसले. बऱ्याच वेळानं सुपातून नजर न काढता ती म्हणाली, "तुला एक सांगायचं राह्यलं. त्या दिशी त्यायनं इचारलं, पोरगी कुठवर आली? म्या म्हनलं, पाऊस लागला म्हनं तिकडं. इंजिनाचं कशाला सांगायचं बिमार मानसाला. तर म्हनले, खोटं काहून बोलती, दिवा लागला असंल. म्या म्हनलं, व्हय, तेलाचा लागला."

"मग?"

"डोळे मिटून घेतले. म्हनले, मंग येऊ नको म्हना." मामीनं पदरानं नाक पुसलं. "मला लई राग आला, बाई. मानूस जाऊन राह्यला आन त्याला दिव्याचं पडलंय. त्या रागातच तुला फोन केला न्हाई. तो निरोप माझ्यापाशीच राह्यला."

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून मोठ्यानं रडले, आणि मधेच हसायलाही लागले, तर ती आणखी चिडली. मामा, तू वाट बघायची थांबलास ती माझ्यासाठी, घाईत मी चावी फिरवू नये म्हणून. तुझ्यापाशी तेवढीच एक गोष्ट उरली होती, तीही देऊन टाकलीस. तुझे उपकार मोजायला बसले तर माझं आयुष्य पुरायचं नाही. तुला सांगायचं एकच राहिलं, की दिवा खोटा होता. तुला ते कळलं असतं तर तू दवाखान्यातल्या सगळ्यांना चहा मागवला असतास.

आज सकाळी सुधाकरनं पहिल्यांदा जीप बाहेर काढली. लोक स्टँडवर विचारत होते, किती दिवस बंद ठेवणार? मामीनं बोनेटला हळदकुंकू लावलं. सुधाकरनं तुझा फोटो डॅशबोर्डवर ठेवला आणि त्याला झेंडूचा मोठा हार घातला. मी माझ्या जुन्या जागेवर, पुढच्या सीटवर जाऊन बसले. सुधाकरनं चावी लावली. फोटोवरून खाली आलेला हार बरोबर दिव्यावर लोंबत होता.

"थांब," मी म्हणाले.

मी हार उचलला, फोटोच्या मागे नेऊन खोचला आणि दिवा मोकळा केला. सुधाकर बघत राहिला. त्या दसऱ्याला तो तीन वर्षांचा होता, त्याला काही आठवत नाही. मग त्यानं चावी अर्धी फिरवली आणि तुझ्यासारखंच, पुढे बघत विचारलं, "ताई, दिवा लागला?"

"लागला."

जीप चालू झाली. "विझला?"

"विझला."

मी खाली उतरले. जीप सेनगावच्या रस्त्याला लागली. अंगणात चार दगडांखाली पेपर तसाच पडला होता, सुधाकर उचलायला विसरला होता. मी तो उचलला, पायरीवर बसले आणि उलटापालटा करून सगळा बघितला. कुठंच डाग नव्हता. घडी घातली आणि तुझ्या जागेवर ठेवून दिली. आज काही बातमी नाही, मामा.